‘जा’ आणि ‘जाऊ दे’

१४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. मांडीतली सळई थंडीत ठणकते, आणि चालताना मी बदकासारखी डुलते असं आई म्हणते. तिचे गुडघे आहेत तसेच, तोंडही आहे तसंच. तुझी लेक चालायला लागली म्हणे. तिला आत्याचा पापा.

परवाच्या शर्यतीचा निकाल कळला असेलच. आठवी आले. वर्षभराने गाडीत बसताना पट्टा तीनदा तपासला, खोटं कशाला बोलू? पण पहिली फेरी झाली आणि वाटलं, अगं बाई, हे अजून येतंय की मला! हेल्मेटमध्ये एकटीच हसत सुटले.

मग ते वळण आलं. गेल्या वर्षी मी भिंतीवर आदळले, तेच. मागून एक गाडी आतल्या बाजूने घुसली. या नव्या संघात वरून ट्रॅक बघून मला रेडिओवर सांगायला तुझ्या जागी एक बाई असते, जाड आवाजाची. ती म्हणाली, "जाऊ दे." मी ब्रेक दाबला, ती गाडी गेली.

पुढची फेरी मी रडत काढली. किती स्वच्छ ऐकू येतात रे ते दोन शब्द! एवढ्या गोंगाटातही.

तू अपघाताच्या चौकशीत सांगितलंस, "मी ‘जाऊ दे’ म्हणालो, ताईला नुसतं ‘जा’ ऐकू आलं." शर्यतीत रेडिओवरचं आपलं बोलणं कुणी टेप करत नाही. संघाच्या मालकांनी मला काढलं, तुला ठेवलं. तू खोटं बोलशील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, म्हणून मी कानांना दोष दिला. तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. तरी दाराची बेल वाजली की मी आईला विचारायची, खरंच वाजली का गं?

बारक्या, तू म्हणाला होतास, "जा ताई, जा!" आनंदाने ओरडून.

चुकलास, त्याचा राग नाही. तुला वरून जागा दिसली, मलाही दिसली असती. पण मी खाटेवर पडलेली असताना तू चारचौघांत मला बहिरी ठरवलंस. आणि संध्याकाळी येऊन माझ्यासाठी संत्री सोलत बसलास! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच ना रे?

आई सांगत होती, तुला परत माझ्या रेडिओवर यायचंय. मी विषय बदलला, तेव्हा तिला काय ते कळलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "लहान आहे तो. जाऊ दे ना गं."

तिचंही स्पष्ट ऐकू आलं बघ. अख्खं.

आईला भेटायला ये. मी घरी असले तर चहा करीन. रेडिओवर मात्र नको. ते दोन शब्द तेव्हा तू म्हणायचे होतेस. आता माझ्या तोंडून ते निघत नाहीत.

दोन्ही कान शाबूत असलेली,
ताई