तांदळाला लावलेली पावडर

लालबाग, फेब्रुवारी १९५८, संध्याकाळ

ढेकणांसाठी आणलेली डीडीटीची पुडी आज रिकामी सापडली. सासूबाईंना विचारलं, तर म्हणतात, "तांदळाला लावली गो. गावी राख लावतो ना आपण? इथे स्टोव्हवर राख कुठून आणू?"

मी ओरडलेच. त्याही चिडल्या. "दिवाळीपासून लावतेय. एक किडा पडला का?"

हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलेत. बोलू कुणाशी?

तांदूळ धुतले. चारदा, पाचदा. पाणी पांढरंच. पण तांदळाचं पाणी एरवीही पांढरंच असतं ना? मग पावडर गेली की नाही, कळायचं कसं?

दिवाळीपासून बाळाला रोज याच तांदळाची पेज. पांढरी, मऊ. मीच भरवते. चमचासुद्धा चाटून घेतो तो.