बशीवरचा पहिला फटका

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन चेंडू पाण्यात. गोल्फचं एकशे दहा पावलांचं होल आणि तीन चेंडू पाण्यात! चौथा वाळूत. पाचवा हिरवळीवर पडला, क्षणभर थांबला, आणि मागच्या उतारावरून निवांत गवतात उतरला. फिरायला निघाल्यासारखा.

घरी आले तर ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "मासे जेवले का आज?"

पायमोजे धुऊन वाळत टाकले.

६ फेब्रुवारी

धाकटी आली होती. बसली नाही. चहा नको म्हणाली. उभ्या उभ्याच— "ताई, यंदा जोड्यांच्या सामन्यात तू सम नंबरची होल घे. मी विषम घेते."

बावीस वर्षं आम्ही बहिणी हा सामना खेळतो आहोत. दोघींत एकच चेंडू. एक फटका माझा, पुढचा तिचा, मग परत माझा. सुरुवात कुणी करायची ते होलच्या नंबरावर— विषम माझी, सम तिची. बावीस वर्षांत यात कधी बदल नाही. आणि शेवटचं, नववं होल, आमची बशी, ते विषम. म्हणजे बशीवरचा पहिला फटका माझा.

"का गं?"

"काही नाही. बदल म्हणून."

बदल म्हणून! उशीचा अभ्रा आहे का तो?

गेल्या वर्षी मी बशीवर दोन चेंडू बुडवले आणि आम्ही हरलो. त्यावर ती एक अक्षर बोलली नव्हती. आता कळलं, वर्षभर मनात धरून बसली होती. न बोलता टोचायचं तिला लहानपणापासून छान जमतं. दातांची डॉक्टर उगाच नाही झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

आठ होलांवर मी म्हातारी आहे. हे मान्य करायला मला काही वाटत नाही. तरुण मंडळी दोन फटक्यांत जिथे जातात तिथे मी चौथ्याला धापा टाकत पोचते. पण बशीवर नाही! बशीवर क्लबातला तो सहा फुटी वकील एका फटक्यात पोचतो, तशी मीही पोचू शकते. काठी जरा मोठी घ्यावी लागते इतकंच. एक फटका पोचायला, दोन ढकलायला— तिनांत आटपलं पाहिजे. तिथे ताकद कुणी विचारत नाही. म्हणून तर जीव आहे माझा त्या होलवर.

आणि म्हणूनच ते इतकं दुष्ट आहे. लांब होलवर पहिला फटका वाकडा गेला तर दुसऱ्याने सावरता येतो. इथे सावरायला जागाच नाही. पुढे तळं, बाजूला वाळूचे तीन खड्डे, आणि हिरवळ म्हणजे उपडी घातलेली बशी— कुठेही पडा, घरंगळून खाली. वर क्लबचा व्हरांडा अगदी हिरवळीला लागून. दुपारी चारला सगळी खुर्च्या टाकून बसलेली. चुकलात तर कपबशांच्या आवाजात चुकायचं.

शाळेत शिवणाच्या सिस्टर होत्या. टाका वाकडा दिसला की फक्त एक शब्द— "उसव." ओरडणं नाही, मारणं नाही. उसवलं की परत पहिल्यापासून. आज तळ्याकाठी उभी राहून सोळा वेळा मनात म्हटलं, उसव.

१२ फेब्रुवारी

पंधरापैकी दोन. वाऱ्याने गेले म्हणावं तर वारा नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीबरोबर सरावाला गेले. कोण कुठून सुरू करणार यावर दोघीही बोललो नाही. प्रत्येकीने आपापला चेंडू मारला.

तिचा लांबचा फटका अजून बघत राहावा असा! सुई ओवावी इतका सरळ. पण हिरवळीवर पोचली की घाई. हातभर अंतर राहिलं की "दिला ना?" म्हणते आणि चेंडू उचलून खिशात. सामन्यात समोरच्याने 'दिला' म्हटलं तरच चेंडू होलात गेला असं धरायचं असतं. स्वतःच स्वतःला देऊन मोकळी! चौथ्या होलवर तर चांगली तीन पावलं होती.

"तिथे कोण देणार आहे तुला असा फुकट?"

"सामन्यातलं सामन्यात बघू. चल, उशीर होतोय."

कसला उशीर? दवाखाना तर गेल्या महिन्यात हाताखालच्या डॉक्टरणीला देऊन टाकला. मला सांगितलंही नाही, औषधाच्या दुकानात कळलं. विचारलं तर म्हणे, "कंटाळा आला लोकांच्या तोंडात बघून."

बशीवर मी पहिला पाण्यात घातला. ती तळ्याकडे बघत होती. हसली नाही, चिडली नाही. मला वाटतं तिला बरंच वाटलं. आयता पुरावा मिळाला.

२० फेब्रुवारी

क्लबच्या मास्तरांकडे तास लावला. या वयात! मास्तर माझ्या मुलाच्या वयाचे, पण बोलणं आजोबांचं.

"बाई, त्या चेंडूने तुमचं काय घोडं मारलंय?"

"का?"

"मग इतकं चिडून का मारताय? आणि मारायच्या आधी झेंड्याकडे बघू नका. तो कुठे पळून जात नाही."

धाकटीही हेच म्हणते. पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी वाचते ना, तशी मान वर होते म्हणे माझी.

मान खाली घालून चाळीस चेंडू मारले. अकरा हिरवळीवर. खांदा दुखतोय. ह्यांनी न मागता शेकायची पिशवी आणून दिली. वर— "माशांचा निरोप आहे, उपास घडतोय म्हणून."

हसू आलं, पण दाखवलं नाही.

२४ फेब्रुवारी

फोनवर सांगून टाकलं. "विषम मीच घेणार. पटत नसेल तर दुसरी जोडीदारीण बघ."

मग अगदी बारीक आवाजात— "हट्ट नको ना करूस गं, ताई."

वसतिगृहात असाच आवाज काढायची. सहा वर्षांची होती आली तेव्हा, मी नऊची. तेव्हा त्या आवाजाला मी लगेच विरघळायचे. म्हटलं, आता नाही. साठी उलटली आपली दोघींची.

"हट्ट तू करते आहेस. बावीस वर्षं चाललंय ते तुला बदलायचंय, मला नाही."

"बरं," म्हणाली. आणि ठेवला.

जिंकले मी. मग दिवसभर काही सुचत का नाही?

१ मार्च

पंधरापैकी नऊ! मास्तर म्हणाले, "आता बाई, घोडं परत जिवंत झालं."

७ मार्च, शुक्रवार

कपाट आवरताना शाळेतला शिवणाचा नमुना सापडला. पांढऱ्या कापडाची पट्टी, तिच्यावर बारा काजं. सिस्टरांनी त्यावर 'उत्तम' लिहिलं होतं. त्यातलं एकही मी केलेलं नाही! नऊ वर्षांची असताना माझे हात म्हणजे लाकडं. खालच्या वर्गातली धाकटी पायरीवर बसून मला काजं करून द्यायची, आणि मी तिची घरी पाठवायची पत्रं लिहायचे. तिला सुचायचं नाही काय लिहावं. 'मी मजेत आहे' एवढं लिहून रडायला लागायची. एवढीशी बोटं, पण टाका असा बारीक की सिस्टर चष्मा पुसून बघायच्या.

फोन करून सांगावंसं वाटलं. मग वाटलं, सामना होऊन जाऊ दे. जिंकल्यावर पट्टीच नेऊन देईन.

१५ मार्च, शनिवार

राग अजून उतरलेला नाही, पण आज लिहिणारच.

समोर बँकेतली बाई आणि तिची जाऊ. दोघी चिवट. आठ होल झाली, बरोबरी. धाकटी लांबून असे फटके मारत होती की चेंडू झेंड्याच्या पायाशी, मला फक्त ढकलायचा. हिरवळीवर तिची पाळी दोनदाच आली. सहाव्यावर हातभराचा चुकली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणाली. सगळं लक्ष बशीकडे होतं माझं.

नववं. बँकवालीचा चेंडू वाळूत. तिथून काढून दोन ढकलून त्यांचे चार होणार, हे दिसतच होतं. आम्हाला तीन हवे होते. व्हरांडा भरलेला. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल.

धाकटी जवळ आली. "ताई, अजूनही मी मारू का?"

अजूनही! त्या क्षणी, तिथे!

मी मान खाली घातली. झेंडा पळून जात नाही, झेंडा पळून जात नाही. मारला— आणि हाताला कळलंच. असा फटका मारला की हातात काही उरत नाही. वर बघितलं तेव्हा चेंडू तळ्याच्या पार पलीकडे उतरत होता. बशीवर पडला. एकदा उडाला. थांबला! झेंड्यापासून चार पावलं! व्हरांड्यातून टाळ्या. वकील उभा राहिला. मी काठी उंच धरली, शाळेत धावण्याची शर्यत जिंकल्यावर धरायचे तसा हात. चौसष्ट वर्षांची बाई!

आता तिने नुसता जवळ सरकवायचा. मग तिसरा मी ढकलला असता की संपलं.

तळ्याला वळसा घालून हिरवळीवर गेलो. धाकटी चेंडूवर उभी राहिली. उभीच राहिली. मी व्हरांड्याकडे बघून ह्यांना खूण करत होते. टक् असा आवाज आला, जरा मोठाच. वळले तर चेंडू झेंड्याच्या बाजूने सुसाट, बशीच्या काठावरून खाली, गवतातून, आणि— पाण्यात.

चार पावलांवरून पाण्यात!

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. आम्ही हरलो. बँकवालीने हात पुढे केला. धाकटीने मान हलवून नमस्कार केल्यासारखं केलं आणि थेट गाडीत जाऊन बसली.

गाडीत मी बोलले. नको ते सगळं बोलले. "तुला माझ्यावर विश्वास नव्हता, ठीक आहे. पण मी करून दाखवलं तेही तुला बघवलं नाही? मुद्दाम घालवलास!" ती खिडकीबाहेर बघत होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सखाली. तिच्या घराशी उतरली. दार नीट लागलं नाही, मला वाकून परत लावावं लागलं.

१६ मार्च

फोन नाही. मीही केला नाही.

१७ मार्च

नाही.

१९ मार्च, बुधवार

भेंडी चिरताना परत तेच डोक्यात. चार पावलं! ती मास्तरांची पाच वर्षांची मुलगीसुद्धा—

हे म्हणाले, "किती दिवस चालणार हे?"

"ती बोलेपर्यंत."

"ती चेंडूवर उभी होती तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

"तुमच्याकडे. खूण करत होते ना मी."

"हो. आणि मी तिच्याकडे बघत होतो." एवढंच बोलले. नेहमीसारखी माशांची थट्टा नाही, काही नाही. मग माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "उद्या जाऊन ये."

"मी का?"

"थोरली आहेस म्हणून."

२० मार्च

गेले होते. दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधी तिने उजवा हात माझ्यासमोर धरला. नुसता धरला. तो थांबत नव्हता.

दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत. लांबचा फटका घेताना कळत नाही. बारीक काम आलं आणि कुणी बघत असलं की वाढतं. बशीवर सुरुवात माझी झाली तर दुसरा फटका तिचा— हिरवळीवर, व्हरांड्यासमोर.

"तू पाण्यात घालशील असं मला एकदाही वाटलं नाही, ताई. तू बशीवर टाकशील, याचीच भीती वाटत होती."