मामाच्या पुस्तकांवर आईचा निकाल

कळसाडी, ता. शहादा

चि. नवनीत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पित्त कसं आहे? दिपालीला आशीर्वाद सांग, आणि ती सांगते ते पथ्य एखाद्या दिवशी तरी पाळ. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोनच केला असता, पण मी रागावले की तुझ्याकडची रेंज जाते (नाशिकसारख्या शहरात!), म्हणून हे पत्र.

दर दिवाळीला भाचीला जादूची पुस्तकं पाठवून तू जे पेरलंस ते उगवलंय. रुपा म्हणते, दहावी झाली, आता अकरावीला मामाकडे नाशिकला जाते. लोणखेड्याचं कॉलेज उशाशी आहे, निम्मं गाव तिथे शिकलं. पण त्याला पुस्तकातल्या शाळेसारखा किल्ला नाही, बुरूज नाही, मग ते कसं चालेल? मी नाही म्हटलं तर मलाच म्हणते, "आई, तू पुस्तकं तं वाच आधी, मंग नही म्हन." मीही आपल्या अप्पांचीच लेक. म्हटलं, वाचते, आणि त्यातूनच तुझं तोंड बंद करते.

विहिरीवरच्या मोटारीला लाईट येईपर्यंत बांधावर बसून सगळी वाचली. निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातला पोरगा ड्रॅगन पाळतो, पण त्याला खायला कोण घालतं ते कुठेच नाही. (इथे एक बैल पोसताना जीव मेटाकुटीला येतो.) दुसऱ्यात चार पोरं आठवडाभर जंगल तुडवतात, कोणाच्या फडक्यात भाकरी नाही की ठेचा नाही. आणि प्रत्येक पुस्तकात एक दाढीवाला म्हातारा, सगळं ठाऊक असून शेवटपर्यंत गप्प. असला एक आमच्या गावातही आहे, त्याला कोणी ज्ञानी म्हणत नाही.

ड्रॅगनची शेपटी तुटली त्याच पानावर लाईट आली. मी वाचतच राहिले आणि उसाचं पाणी शेजारच्या दोधू आबांच्या कपाशीत शिरलं. आबा भांडायला आले. कारण सांगता सांगता मला त्यांना गोष्टच सांगावी लागली. चिखलात उभं राहून त्यांनी ती ऐकली आणि भांडण विसरून घरी गेले. आता रोज बांधावर येऊन विचारतात, "मंग, त्या जनावरनं पुढे काय व्हयनं?"

पण नवनीत, एक गोष्ट मला अजिबात खपली नाही. एकूण एक पुस्तकात पोराची आई सुरुवातीलाच मेलेली. कुठे तापाने, कुठे शापाने, एक तर नुसतीच "लहानपणी गेली". बाई गेली की पोरगं मोकळं, निघालं जग वाचवायला! हे वाचून माझ्या पोरीने घर सोडायचं? रुपा लोणखेड्यालाच जाईल. हा माझा निकाल, त्यात बदल नाही.

तुझी,
प्रमिलाताई

ता. क. : पत्र लिहून झाल्यावर रुपाला विचारलं, हे लेखक आईला आधी का मारतात गं? शेतातलं तण निंदता निंदता, वर न बघता म्हणाली, "मंग काय करतीन? जिती माय पोरीले जाऊ देस का?" घरी आले आणि खूप रडले.

दुसरा ता. क. : या सगळ्या लेखकांना मी खोटं पाडणार आहे. पुढचा भाग निघाला असेल तर दोधू आबांसाठी घेऊन ठेव, आणि रुपाची कॉट खिडकीपाशी लाव. सोमवारच्या एसटीने तिला सोडायला मी स्वतः येतेय, धडधाकट.