सॅलॅमँडरसाहेब आणि पैशाला पासरी उंदीर

३ मार्च, सकाळी ७
नात काल तिचा सॅलॅमँडर, म्हणजे पाण्यातच राहणारा पालीसारखा प्राणी, काचेच्या पेटीसकट माझ्या हवाली करून गेली. दहा दिवसांची परीक्षा. पास झालो, तर पुढे ती सहा महिने बाहेरगावी असताना साहेब माझ्याकडेच. आमच्या हिने विचारलं, स्वतःचा चष्मा तरी सांभाळता येतो का? दुर्लक्ष केलं.

४ मार्च
वाचन. मूळच्या तळ्यात आता हा शोधून सापडत नाही. पाय तुटला तर नवा फुटतो. उंदराची शेपटी गेली की गेली. शिवाय पैशाला पासरी. आमच्या स्वयंपाकघरातही एक आहे.

५ मार्च
नातीची सूचना: रोज खाद्याच्या गोळ्या चिमट्याने तोंडापुढे धरा. नुसते लाड. खानदानी जीव आंघोळ करता करता जेवेल? पेटीतला एक दगड पाण्यावर डोकावतो. त्यावर संध्याकाळी सहा गोळ्या मांडल्या. हवेसाठी झाकण काढलं.

६ मार्च, सकाळी ६
दगड साफ. माझी पद्धत साहेबांना पटली. ही म्हणाली, दगडावर लेंड्या कसल्या? म्हटलं, पचन उत्तम आहे.

८ मार्च
उंदीर स्वयंपाकघरात फिरकत नाही. माझा धाक. गोळ्या बारा केल्या.

१० मार्च
साहेबांची अंगकाठी रेखीव झाली. हालचाल कमी, चिंतन जास्त. हिचं म्हणणं, तो उपाशी आहे. रोज बारा गोळ्या खाऊन? हिला विज्ञान सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च
टेबलाखालून उंदीर गेला. गेला कसला, लोळला. शेजारी जेवत असणार. अन्न झाकून ठेवत जा, असं शेजाऱ्यांना सुनावून आलो.

१२ मार्च, दुपारी ४
नात येणार म्हणून गोळ्या आधीच मांडल्या. तिला घेऊन खोलीत शिरलो, तर दगडावर उंदीर. आम्हाला बघून उठला नाही, त्याला उठवेना. साहेब खाली पाण्यात, वर बघत.
नातीने उंदरावर वाडगा पालथा घातला. चिमट्याने गोळी धरली. साहेबांनी गपकन गिळली. मग आणखी सहा. माझ्या जिवात जीव आला.
मग ती म्हणाली, "आबा, वाढायला तुमचा हात सढळ आहे. फक्त पानावर कोण बसलंय ते बघत जा."

१३ मार्च
निकाल. सॅलॅमँडर आजीकडे. मला पेटीपासून चार हात लांब राहायचं आहे. उंदीर या अवस्थेत बाहेर सोडला तर मांजर दारातच धरेल. म्हणून तो पुन्हा पळता होईपर्यंत माझ्या स्वाधीन.
जोखमीचं काम आहे. दुसऱ्या कुणाला दिलं नाही.