नैवेद्याचा डबा

प्रिय रेणुका,

अर्पिता हा डबा तुझ्या हातात देईल तेव्हा तू आधी डबाच ओळखशील. आपल्या देव्हाऱ्याखालचा, नैवेद्याच्या पिठाचा पितळी डबा. माझ्या आठवणीत तो कधी उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. उघडलास तर आत पीठ नाही, फक्त हे पत्र आहे. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आबाकाका आता काठी टेकत पारापर्यंत जातात. डबा रिकामा का धाडला ते सांगणारच आहे, पण एकदम सांगता येत नाही मला, तुला माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस आणि उचलावास असं मी काही केलेलंही नाही. तुझ्या भावाच्या, रामेश्वरच्या गाडीत माहेरी जायला बसताना तू म्हणालीस, "ज्या तोंडानं आत्याबाईंनी माझं नाव घेतलं, त्याच तोंडानं खरं काय ते सांगू द्या. मंग येते. तवर ह्या हातानं तुमच्या घरात पीठ मळायची न्हाई." चुलीपुढं बसून मायकडं पाहिलं की रोज ते वाक्य ऐकू येतं.

चुलीपुढं आता मीच बसतो. माय गॅसवरची भाकरी खात नाही, आणि तिचा हात परातीत आता चालत नाही. पहिल्या दिवशी माझ्या भाकरीचे तव्यातच तीन तुकडे झाले. अर्पिता जालन्याहून फोनवर हसली, "बाबा, पाणी कोमट घ्या, आन् मळताना पिठावर राग काढू नका, आई म्हणते तसं." मग मला तू मळताना आठवलीस. तळहाताच्या टाचेनं पीठ पुढं लोटायचं, बोटांनी माघारी ओढायचं, आणि तोंडानं मारुतीचं स्तोत्र. स्तोत्र संपलं की पीठ मळून झालं, असा तुझा हिशोब. मी स्तोत्र दोनदा म्हणतो तरी भाकरीला पापुद्रा येत नाही. अंबाडीची भाजी केली, त्यात कण्या घालायला विसरलो आणि ती इतकी आंबट झाली की माय म्हणाली, "दात गेले ते बरं झालं." तू गेल्यापासूनचं तिचं ते पहिलं बोलणं.

खरं सांगतो, मी हसलो नाही. त्याच सकाळी मी आबाकाकांच्या अंगदच्या दारावरून आलो होतो. तू आबाकाकांना दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी उकिरड्यावर फुटून पडली होती. अंगद ओट्यावर दात घासत उभा होता. मी बघितलं ते त्यानं बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुमचं तुमी बगा. आमच्या घरात आता वहिनीच्या हातचं काय बी येनार न्हाई." सगळ्या गावात हेच. ज्या हातची चटणी मागायला बाया वाट्या घेऊन येत होत्या, त्या हाताचं नाव आता दबक्या आवाजात घेतात. त्यांच्या शेजारच्या चांगुणाबाईनं तर अर्पितालाच विचारलं, "तुज्या मायनं खरंच कालवलं व्हतं का गं काई?" पोरगी पुढच्या दोन सुट्ट्यांना वसतिगृहातून घरी आली नाही. तुझं जाणं मी सोसलं असतं. हे मला सोसेना.

चंपाषष्ठीचा तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा उलटापालटा करतो. नैवेद्याचं पीठ मायचं. ती दळून आणणार, ती डब्यात भरणार, सुनेनं फक्त मळायचं. चाखायचं नाही, हुंगायचं नाही, नाव ठेवायचं नाही. तू परातीत पाणी घातलंस आणि थांबलीस. मी दिवटीला तेल घालत होतो, मला ऐकू आलं. "आत्याबाई, ह्या पिठाला वास येऊन राह्यला. औषधावानी." माय अशी कडाडली, "हुंगलंस? देवाच्या आधी तू हुंगलंस? सगळा नैवेद्य उष्टा केलास!" तू मान खाली घालून मळायला लागलीस. भरीत झालं, गोवऱ्यांवर रोडगे भाजून निघाले, तळी उचलली, भंडारा उधळला. पहिला रोडगा नेहमीप्रमाणे कुत्र्यापुढं ठेवला. खंडोबाचं वाहन ते, त्याचा मान पहिला. त्यानं नाक लावलं आणि पाठ फिरवून गेलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "पोट भरलं असंल त्याचं." तेव्हापासून माझ्या मनात एकच येतं, आपल्या घरात कुत्र्याला हुंगायची मुभा होती आणि सुनेला नव्हती.

आबाकाका घरातले वडीलधारे, म्हणून त्यांना मानाचा अख्खा रोडगा. बाकीच्यांना प्रसादापुरता तुकडा. अंधार पडायच्या आत घरोघर ओकाऱ्या सुरू झाल्या. काकांचे डोळे फिरले तेव्हा त्यांना जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "काय खाल्लं होतं? कुणी केलं होतं?" आणि माय सगळ्यांसमोर बोलली, "सुनेनं नैवेद्य हुंगला. देव कोपला." अंगद म्हणाला, "कोप कशाचा? पिठात काय कालवलं ते इचारा तिला." मायनं पेटवलं आणि बाकीच्यांनी फुंकलं. त्या वेळी तू दवाखान्याच्या मोरीवर वाकून ओकत होतीस. विष घालणारी बाई स्वतः तो घास खाईल का, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. मी काकांची सलाईनची बाटली धरून उभा होतो. डॉक्टरनं कागदावर अन्नातून विषबाधा एवढंच लिहिलं. उरलेलं पीठ मायनं घरी आल्या आल्या बाटलेलं म्हणून उकिरड्यात पुरलं.

मग भोगी आली. भोगीला बाजरीची भाकरी तर हवी. आपली बाजरी सप्टेंबरच्या पाण्यात कणसातच काळी पडली, म्हणून जुन्या जालन्यातल्या एका दुकानातून आणली, दळली, तीळ लावून भाकरी केली. वांगं, घेवडा, गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, सगळं घालून भाजी केली. तुझ्यासारखी नव्हती, पण भोगीची म्हणून ओळखू आली असती. देवाला दाखवलं आणि मायपुढं ताट ठेवलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. आणि रेणुका, तिनं तो तुकडा तोंडाकडं नेला नाही, आधी नाकाकडं नेला. डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. मग खाल्ला. पंचाहत्तरीच्या माझ्या मायनं आयुष्यात कधी अन्न हुंगलेलं मी पाहिलं नव्हतं. मला कळलं की तिला काहीतरी माहीत आहे.

 त्या दिवसापासून एका घरात दोघं जण एकमेकांवर नजर ठेवून राहू लागलो. मी कोठीत गेलो की ती उठून दारात यायची, "काय पायजे? मी देते." एके दिवशी ती देवळात गेली तेव्हा मी कोठीतल्या कणगीमागं हात घातला. माझा पांढरा पंचा निघाला, दिवाळीपासून सापडत नव्हता तो. घडी उलगडली. सगळ्या पंच्यावर बारीक गुलाबी ठिपके, बाजरीच्या दाण्याएवढे. आधी वाटलं गुलाल असेल. मग माळ्यावर चढलो. दुबार पेरणीसाठी आणलेल्या बाजरीच्या बियाची एक न फोडलेली पिशवी उरली होती, ती तिथं नव्हती. तुला आठवतं, ते औषध लावलेलं गुलाबी बी पेरून आलो की तू मला अंगणातच हात धुवायला लावायचीस, साबणानं, दोनदा.

माय आली तेव्हा मी पंचा तिच्यापुढं पसरून बसलो होतो. ती काठी टेकून समोर बसली. पुढं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. "नैवेद्याला आपल्याच रानातलं धान्य लागतं. माज्या सासूनं कधी इकतचं चढवलं न्हाई, म्या बी न्हाई. पीक गेलं, पन बी राह्यलं व्हतं ना? त्याच रानात पेरायला आनलेलं बी, म्हंजी आपलंच. तुज्या पंच्यात बांधून ऊन ऊन पान्यानं धुतलं, धूत गेले, पार पांढरं पानी येस्तवर. रंग गेला म्हंजी ईख गेलं, असं वाटलं मला." मी विचारलं, "मग दवाखान्यात तिचं नाव का घेतलंस?" ती म्हणाली, "आबा मरतोय वाटलं रे. त्या डाक्टरनं इचारलं आन् माजी जीभच वळली. म्हणलं, सून हाय, हाडापेरानं धड हाय, ती निभावून नेईल. मला ह्या वयात गावानं थुंकलं तर म्या कुटं जाऊ?"

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, त्याला मला नाव देता येत नाही. ती बाई देवाला फसवायला निघाली नव्हती. देवाला आपल्याच रानातलं द्यायचं म्हणून तिनं ते विष दाणा दाणा चोळून धुतलं होतं. मी एवढंच म्हणालो, "माय, हे आबाकाकांच्या दारात सांगावं लागंल." ती म्हणाली, "तू सांग." मी म्हणालो, "मी सांगितलं तर गाव म्हणंल, बायकोला वाचवायला म्हातारीचं नाव पुढं केलं." त्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडली. पुढचे दिवस मी ताट ठेवायचो, ती पाणी प्यायची आणि ताट सरकवायची. कढी केली, तिला आवडते तशी लसूण ठेचून. शेंगोळे केले, तेही मोडके तोडके. तिनं हात लावला नाही. रोज दिवा लावताना मला भीती वाटायची. हिला बोलायला लावून मी हिचा जीव घेतो आहे का? आणि न बोलू दिलं तर तुझं काय? मल्हारीपुढं मी काही मागितलं नाही. काय मागावं तेच कळत नव्हतं.

परवा रविवारी मी देवळातून आलो तर माय घरात नव्हती. काठी नव्हती, चपला मात्र होत्या. मी पळत आबाकाकांच्या घरी गेलो. ती अनवाणी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी होती, आत जात नव्हती. अंगद, त्याची बायको, शेजारच्या चांगुणाबाई, सगळे जमलेले. माझा पंचा तिनं हातात धरला होता, निशाणासारखा. बियाचं, धुण्याचं, दळणाचं, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "रेणुकानं वास वळखला व्हता. म्या तिचं तोंड दाबलं. आबा, तुला जी शिक्षा द्यायची ती मला दे." खाटेवरून आबाकाकाच म्हणाले, "वहिनी, लगीन होऊन आल्या तवापासून मला जेवू घालून राह्यल्या. एक डाव चुकलं. आत या, चहा घ्या. आमच्या साखरेला रंग न्हाई." चांगुणाबाई रडायलाच लागली. अंगद मात्र हसला नाही. मायशी तो अजून बोलत नाही, आणि मी त्याला बोल म्हणणार नाही. पण संध्याकाळी तो आपल्या दारात आला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "दादा, वहिनीला आणायला जासाल तवा मला बी घ्या संगं. लोणच्याचं मीच सांगतो तिला." त्या रात्री माय जेवली.

आता डब्याचं. माघी पौर्णिमेला रविवार येतो आहे. बाटलेला नैवेद्य पुन्हा करायचा, असं मायनं ठरवलं आहे. मला वाटलं, पुन्हा तीच दळून आणेल. पण तिनं डबा काढला, चिंच-राखेनं अंगणात बसून लख्ख घासला, उन्हात वाळवला आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "आपल्या रानात औंदा बाजरी न्हाई. टेंभुर्णीला तिच्या भावाच्या बरड रानात पानी थांबलं न्हाई, त्याची बाजरी वाचली. सुनेच्या माहेरचं रान बी आपलंच. पीठ तिनं तिथूनच भरून आनावं. आन् हा डबा आता तिचा, माज्याकडं परत द्यायचा न्हाई." रेणुका, तू घातलेली अट पुरी झाली, म्हणून हे पत्र लिहिलं. ये असं मी लिहीत नाही. डबा रिकामाच अर्पिताच्या हाती परत आला तर मी तो देव्हाऱ्याखाली ठेवीन आणि कुणाला एक शब्द बोलू देणार नाही. पण भरलास तर मायचा एक निरोप आहे, तो तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. "तिला म्हणावं, पीठ मळायच्या आधी वास घे. देवासमोर घे, सगळ्यांच्या देखत घे. तुला चालला तरच देवाला चालंल."

तुझाच,
गोरख