लाईट गेलेला वेळ

सावेडी, मंगळवार संध्याकाळ

गावाहून काका आले होते, आण्णांना बघायला. आण्णांनी मला उशाखालचा तो हातात मावणारा जुना कॉम्प्युटर काढायला लावला. विहीर आण्णा आणि काका या दोघा भावांची सामाईक, म्हणून आण्णांनीच त्यावर प्रोग्रॅम लिहिला होता. मोटर चालू केल्याची वेळ टाकायची, बंद केल्याची टाकायची, की कुणाची पाण्याची पाळी किती झाली ते दिसायचं. मधे लाईट गेली तर तेवढा वेळ धरायचा नाही. त्या वेळेवरून काका दरवेळी भांडायचे.

आण्णा आकडे टाकत राहिले. मग काकांना म्हणाले, "दवाखान्यात पडून हुतो, तेवढा वेळ धरू नको. लाईट गेल्यावानीच हाय ते."

डॉक्टर काय म्हणाले, ते आण्णांना सांगितलं नव्हतं; काकांना मात्र मी जिन्यातच सांगितलं होतं. कशाला सांगितलं?

काकांनी आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाई धरला, आण्णा. लई पाळी हाय तुमची अजून."

जन्मभर एक मिनिट न सोडणारा भाऊ. आज भांडला असता तर बरं झालं असतं.

आण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग कॉम्प्युटर बंद केला आणि काकांच्या हातात दिला.