खंडेनवमीचा नारळ आणि आपोआप साफ होणारा ओव्हन

लोअर परळ,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार, २०११

राजमान्य राजश्री भिवा बॉयलरवाले यांस,

गुणाजीचा चौदाव्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (फार वाकलो नाही, खाली बघितलं की गरगरतं.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? इकडे मी, रघुवीर आणि सूनबाई उर्मिला असे तिघेही सुखरूप आहोत. हे वाक्य शेवटपर्यंत ध्यानात ठेव, म्हणजे मधला भाग वाचताना घाबरणार नाहीस.

तर गेल्या महिन्यात उर्मिलेने ओव्हन घेतला. चार वर्षं तिने रघुवीरच्या मागे लकडा लावला होता आणि चार वर्षं तो नको म्हणत होता. ओव्हन म्हणजे केक भाजायची भट्टी, पण ही भट्टी म्हणे स्वतःची सफाई स्वतः करते. बटण दाबायचं, दार आपोआप बंद होतं, आत पाचशे डिग्रीपर्यंत ताव चढतो, सांडलेलं तूप-लोणी जळून राख होतं आणि तीन तासांनी ती राख फडक्याने पुसायची. (पुसायची आपणच, म्हणजे तेवढं खोटं.) मला आपली वर्षाची सफाई आठवली रे. तू पुढे, मी मागे, बॉयलरच्या भोकातून आत सरपटायचं, दिवसभर खरवडायचं आणि बाहेर आलो की खानावळीतली गंगुबाई आपल्याला नुसत्या आवाजावरून ओळखून पान वाढायची. त्याच मिलच्या जागेवर ही इमारत उभी आहे. आपल्या धुराड्याचं तोंड साधारण जिथे होतं, तिथे बसून मी सकाळचा चहा पितो. संपानंतर तू गावी गेलास, मी वॉचमनकी केली, पण अंगाला भट्टीची धग पुन्हा लागली नाही. ओव्हन आला त्या दिवशी घरात आपल्या खात्यातलं कुणीतरी आल्यासारखं वाटलं मला.

यंत्राची तपासणी मी रीतसर केली. प्रेशरचा काटा नाही, सेफ्टी वॉल्व्ह नाही, शिट्टी नाही. सोबतच्या पुस्तकात मात्र सूचना भरपूर होत्या, त्या रघुवीरने मला वाचून दाखवल्या. सफाईआधी आतलं सगळं बाहेर काढा, जाळ्यासुद्धा. खिडक्या उघड्या ठेवा. धूर होईल, वास येईल. यंत्र चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका. पिंजऱ्यातले पक्षी लांब न्या, त्यांना ही हवा बाधते. (चौदाव्या मजल्यावरचा सासरा पक्ष्यांत धरायचा की नाही, ते दिलेलं नाही.) आणि एकदा बंद झालेलं दार निवल्याशिवाय उघडत नाही. तिथे माझा जीव जरा भांड्यात पडला. आपल्या मिलच्या दाराला लागलेलं टाळं पुन्हा उघडलंच नव्हतं, हे निदान निवल्यावर उघडणार होतं.

मग आली खंडेनवमी. तुला सांगायला नको, त्या दिवशी बॉयलरखाना कसा सजायचा! झेंडूच्या माळा, फावड्यांना कुंकू, भट्टीपुढे नारळ, आणि इन्स्पेक्टरसाहेबसुद्धा बूट काढून आत यायचे. घरात यंत्र असताना पूजा चुकवणं माझ्याच्याने होईना. पण काचेवर कुंकवाचे डाग पडले तर सूनबाई कुरकुरेल, म्हणून कुंकू लावलेला अख्खा नारळ मी आत, मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि हात जोडून दार लावलं. घरात कुणाला सांगायला मात्र विसरलो. त्याच दिवशी दुपारी मी सफाईचं बटण दाबलं.

वीस मिनिटांनी जो आवाज झाला, तो तुझ्या गावापर्यंत आला नसेल तर वारा उलटा असणार. नारळाचं पाणी ते, वाफ होऊन जाणार कुठे? काच तडकली, दार मात्र टिकलं. धूर इतका की देवघर दिसेना. पण भिवा, माझे हात जागच्या जागी होते. आधी मेन स्विच पाडला, खिडक्या उघडल्या, उर्मिलेला बाहेर काढलं. वॉचमन पहार घेऊन दार उचकटायला आला, त्याला मी दम दिला की आत हवा गेली तर भडका उडेल. नंतर आलेल्या बंबवाल्यांनीही तेच सांगितलं. तेवढ्यात इमारतीचा भोंगा वाजला. एकोणतीस वर्षांनी आपल्या मिलच्या आवारात भोंगा, आणि चौदा मजल्यांची माणसं पाळी सुटल्यासारखी खाली! मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

रघुवीर तेव्हापासून माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो, हे लक्षण चांगलं नाही. बाबांना आता आगीजवळ एकटं सोडता येणार नाही, असं तो फोनवर कुणालातरी सांगत होता. टेबलावर कर्जतच्या एका वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक येऊन पडलं आहे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही नुसतं बघायला जाणार आहोत. मला इथून जायचं नाही रे.

तुझा पाळीचा जोडीदार,
गुणाजी

ता. क. : त्या रविवारच्या आत मिळेल असा एक दाखला पाठव. गुणाजीने बावीस वर्षं बॉयलर सांभाळला, एकदाही अपघात झाला नाही, असं लिही. एकोणऐंशी साली तुझी लुंगी पेटली होती, ते लिहू नकोस.

ता. क. दुसरा : तू विचारशील, स्वतःच नारळ ठेवून स्वतःच बटण कसं दाबलंस? रघुवीर बॉयलरवर नव्हता, त्याला हा प्रश्न सुचला नाही. बटण उर्मिलेने दाबलं. चार वर्षांनी मिळालेली वस्तू, नवऱ्याने पहिल्याच महिन्यात परत पाठवली असती. मी म्हटलं, मीच दाबलं. हे कुणाला कळू देऊ नकोस.

भिवाकाका, मी उर्मिला. बाबांनी पत्ता लिहायला पाकीट उघडंच दिलं. सूचनांचं पान मी वाचलंच नव्हतं, आतही बघितलं नाही. रघुवीरला आज सकाळी सगळं सांगितलं. तो बाबांसाठी चहा करायला उठला. कर्जतला आम्ही कुणीही जात नाही. हे बाबांना संध्याकाळी सांगू, पण दाखला तुम्ही पाठवाच. आम्हाला तो भिंतीवर लावायचा आहे.